वाडे पडतात ते पावसाने नव्हे

पावसाळा जोर धरू लागला की नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातल्या जुन्या गावांतून एक बातमी ठरल्याप्रमाणे येते : अमक्या गल्लीतील जुना वाडा कोसळला, सुदैवाने जीवितहानी टळली, अथवा टळली नाही, धोकादायक घरांच्या मालकांना पालिकेने नोटिसा आधीच बजावल्या होत्या. बातमी चार ओळींत संपते आणि कारणाच्या जागी पावसाचे नाव लागते. पावसानेच वाडा पडायचा तर तो यापूर्वीचे दीडशे-दोनशे पावसाळे उभा कसा राहिला, असे मात्र कोणी विचारत नाही. पाऊस शेवटचा घाव घालतो. खोड आतून पोखरून ठेवणारे दुसरेच असतात. त्यांचा शोध घेणे हे स्थापत्याच्या अभ्यासकाइतकेच अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचेही काम आहे, आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

या प्रश्नाचा विचार करण्यास चांदवडसारखे सोयीचे गाव नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावर, नाशिकपासून सुमारे पासष्ट किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगरकुशीत हे गाव वसले आहे. वर किल्ला, रस्त्यालगत डोंगरात रेणुकामातेचे देऊळ, आणि गावात होळकरांचा रंगमहाल. उंच तटबंदी, हत्ती जाईल असा दरवाजा, कोरीव सागवानी खांब, भिंतींवरची चित्रे. अठराव्या शतकातील मराठी वाडा कसा असे हे पाहावयाचे तर उत्तर महाराष्ट्रात याहून चांगले उदाहरण सहसा सापडणार नाही. अहिल्याबाई होळकरांचे (१७२५-१७९५) नाव या वास्तूशी कायमचे निगडित आहे. २०२५ साली त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी साजरी झाली. भाषणे झाली, मिरवणुका निघाल्या. रंगमहालाच्या जतनाचे काम राज्याच्या पुरातत्त्व खात्याने हाती घेतले, ही समाधानाचीच गोष्ट आहे.

परंतु रंगमहाल एकटा उभा राहिला नव्हता. राजवाडा म्हटला की त्याच्याभोवती कारकून, सराफ, सावकार, शिलेदार, कारागीर यांची वस्ती आलीच. चांदवडला टांकसाळ होती आणि येथला चांदवडी रुपया दूरवरच्या बाजारपेठांत चालत असे. ज्यांच्या हातांतून तो रुपया फिरला त्यांचे वाडे जुन्या वस्तीत होते. काही अजूनही आहेत. रंगमहालाला आज राखणदार आहे, फलक आहे, अंदाजपत्रकात जागा आहे. गल्लीतल्या वाड्याला यांपैकी काहीच नाही. एकेक वाडा उतरतो आणि त्या जागी सिमेंटचा ठोकळा उभा राहतो. राजाचे घर राखावयाचे आणि गावाचे घर जाऊ द्यावयाचे, हा आपल्या वारसाविचाराचा ढोबळ नियम होऊन बसला आहे.

एकाच शतकातली दोन घरे

हा प्रश्न नीट उमगावा म्हणून वाचकांना जरा दूर, विलायतेस नेतो. १७३२ सालची गोष्ट. त्या वर्षाच्या जानेवारीत पुण्यास बाजीरावाच्या शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये राजा दुसरा जॉर्ज याने आपला प्रधान रॉबर्ट वॉलपोल यास डाउनिंग स्ट्रीटवरचे एक घर देऊ केले. तेच पुढे इंग्लंडच्या पंतप्रधानांचे 'दहा नंबर' झाले. ज्याला इंग्रज 'जॉर्जियन' काळ म्हणतात तो १७१४ ते १८३०, चार जॉर्ज राजांचा. आपल्याकडे बाळाजी विश्वनाथास पेशवेपद मिळाले १७१३ मध्ये आणि पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. म्हणजे आपला शहरी वाडा आणि त्यांचे जॉर्जियन घर ही एकाच शतकाची अपत्ये आहेत.

ही घरे 'टेरेस' या नावाने ओळखली जातात. आपण टेरेस म्हणजे गच्ची समजतो. तेथे त्याचा अर्थ एका ओळीत, सामाईक भिंतींनी एकमेकांस जोडलेली घरे. ओळीतले प्रत्येक घर अरुंद, पण खोल आणि उंच. रस्त्यावरून दिसणारी रुंदी बहुधा तीन खिडक्यांची. आत एका कडेने प्रवेशमार्ग व जिना, दुसऱ्या कडेस पुढची खोली आणि मागची खोली. हीच मांडणी मजल्यामागून मजला चढत जाते. तळघरात स्वयंपाकघर, फरसबंदीखाली कोळशाचे कोठार, तळमजल्यावर जेवणाची खोली, पहिल्या मजल्यावर पाहुण्यांची बैठक, त्यावर निजायच्या खोल्या आणि अगदी वर छपराखाली नोकरचाकर. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच, वरच्या त्याहून लहान, शेवटच्या जवळजवळ चौकोनी. दर्शनी भागावर फारसे नक्षीकाम नसताना तो डोळ्यांना भरतो, तो या प्रमाणबद्धतेमुळे. कोणता मजला मानाचा आणि कोणता चाकराचा, हे रस्त्यावरूनच खिडक्यांच्या उंचीवरून वाचता येते.

आता आपला वाडा घ्या. दगडी जोते, त्यावर भाजक्या विटांच्या वा पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, आणि आत सागाच्या खांब-तुळयांचा सांगाडा. भार पेलतो तो हा सांगाडा. भिंत मुख्यतः आडोसा करते. दरवाजातून आत शिरताच देवडी, पुढे चौक, चौकाभोवती ओसरी, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर, धान्याची बळदे, वर माडी, छप्पर कडीपाटाचे आणि त्यावर मातीचे धाबे किंवा कौले. घराचे माप खणात. दोन खांबांमधले अंतर तो खण. 'पाचखणी घर' म्हटले की ऐकणाऱ्यास घराचा आणि घरधन्याच्या ऐपतीचाही अंदाज येई. लंडनचे घर तीन खिडक्यांचे आणि चांदवडचे पाच खणांचे. दोन्हीकडे तुळई किती लांब मिळते आणि किती वजन पेलते यावरच घराचे माप बसे. सुतार-गवंड्यांचे पिढीजात आडाखे हेच दोन्हीकडचे स्थापत्यशास्त्र होते.

दोन्ही घरे शेजाऱ्याच्या भिंतीस भिंत लावून उभी राहतात. फरक आहे तो तोंडवळ्याचा. विलायती घर उजेड-वारा रस्त्यावरून घेते, म्हणून त्याचा दर्शनी भाग नटलेला आणि रस्ता रुंद. वाडा उजेड-वारा चौकातून घेतो, म्हणून त्याची बाहेरची भिंत जवळजवळ आंधळी आणि गल्ली अरुंद. एप्रिल-मे महिन्यांत चांदवडच्या उन्हात ज्याने वाड्याच्या माजघरात दुपार काढली आहे त्यास या आंधळ्या भिंतीचा अर्थ सांगावयास नको.

भुईभाड्याचे गणित

मग बाथ, एडिंबरो, लंडन येथे अशा घरांच्या ओळीच्या ओळी आजही वसत्या आहेत आणि आपले वाडे ढासळत आहेत, हे का? पहिले उत्तर चटकन सुचते : ती घरे पक्की, आपली कच्ची. हे उत्तर चूक आहे. डाउनिंग स्ट्रीटवरचे ते प्रसिद्ध घर मुळात सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज डाउनिंग या व्यवहारचतुर गृहस्थाने नफ्यासाठी, तकलादू पायावर बांधवले होते. १९६० ते १९६३ या काळात त्याचा पाया नव्याने घालून आतला बराच भाग पुन्हा बांधावा लागला. लंडनच्या कित्येक ओळघरांत दर्शनी विटांचा थर चांगल्या विटांचा आणि मागचा हलक्या विटांचा असे, आणि दोन्ही थर एकमेकांत नीट गुंफलेलेही नसत. सागाच्या सांगाड्यावर उभा असलेला आपला वाडा यापुढे कच्चा ठरत नाही.

खरे उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. लंडनमध्ये मोठमोठ्या जमीनदारांनी, उदाहरणार्थ बेडफर्ड किंवा ग्रोव्हनर घराण्यांनी, आपल्या जमिनी विकल्या नाहीत. ६१ किंवा ९९ अशा वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. बांधणाऱ्याने भुईभाडे द्यावयाचे, पहिले वर्ष-दोन वर्षे ते नाममात्र. त्या मुदतीत त्याने घराचा सांगाडा उभारून पट्टा दुसऱ्यास विकावयाचा. भांडवल इतके तोकडे की पुष्कळदा गवंडी सुताराच्या घराच्या भिंती बांधून देई आणि सुतार गवंड्याच्या घराची दारे-जिने करून देई. रोख पैसा हात बदलतच नसे. मुदत संपली की जमीन आणि तिच्यावरचे घर दोन्ही जमीनदाराकडे परत. साहजिकच घर शंभर वर्षे टिकावे, शेजारच्या घराशी त्याचा मेळ असावा, कोणी मध्येच भलते बांधू नये, यात जमीनदाराचा स्वार्थ गुंतलेला होता. करारात त्या अटी असत. सरकारचाही हात होता. १६६६ च्या लंडनच्या भीषण आगीनंतर सामाईक भिंती वीट-दगडाच्याच हव्यात असा दंडक झाला. १७७४ च्या कायद्याने घरांच्या प्रती पाडून कोणत्या प्रतीस किती जाड भिंत हवी ते ठरवून दिले. बाथ येथील 'रॉयल क्रेसेंट' ही तीस घरांची अर्धचंद्राकार ओळ (१७६७-१७७५) तर या विचाराचा कळस आहे : दर्शनी भाग सर्वांनी एकाच नमुन्याचा बांधावयाचा, मागे ज्याने त्याने आपल्या सोयीने. पुढून पाहिले तर एक राजवाडा, मागून पाहिले तर तीस निरनिराळी घरे.

थोडक्यात, या वास्तूंच्या सौंदर्यामागे कलावंताच्या प्रतिभेइतकाच खंडाचा हिशेब आहे. डेव्हिड रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत ज्या ग्रंथात ग्रथित झाला तो १८१७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. आमचे विद्यार्थी तो सिद्धांत शेतजमिनीपुरता पाठ करतात. त्याच काळातल्या लंडनच्या रस्त्यांवरही जमिनीच्या खंडाचेच राज्य होते, हे त्यांच्या सहसा ध्यानी येत नाही.

उत्पन्नाचा झरा आटला

वाड्याचे अर्थकारण निराळे. तो विकण्यासाठी वा भाड्याने देण्यासाठी बांधला जात नसे. सरंजाम, इनाम, वतन, सावकारी किंवा दरबारची चाकरी यांतून येणाऱ्या नियमित उत्पन्नावर तो उभा राही आणि त्याच उत्पन्नावर दरसाल त्याची डागडुजी होई. धाब्याची माती पावसाळ्यापूर्वी नव्याने चोपणे, चुन्याचा गिलावा करणे, वाळवी लागलेला खांब बदलणे, ही कामे वर्षासनासारखी ठरलेली असत. वाडा हा एकदा बांधून मोकळे होण्याचा पदार्थ नव्हे. तो दरवर्षी थोडाथोडा पुन्हा बांधावा लागतो.

जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांचा दक्षिणेतील मुलूख इंग्रजांकडे गेला. चांदवडचा दरबारी दिमाख त्याबरोबर ओसरला. त्यावर जगणाऱ्या घरांचा झरा आटला. पुढे रेल्वे आली ती मनमाड आणि लासलगावावरून. चांदवड बाजूस राहिले. सुमारे पंचवीस किलोमीटरवरचे मनमाड जंक्शन झाले, बाजारपेठ तिकडे सरकली. ज्या आग्रा रस्त्याने चांदवडला महत्त्व दिले होते त्याच्यावरची वाहतूक रुळांनी पळवली. वाडे उभेच होते. पण त्यांना पोसणारी व्यवस्था उरली नव्हती. ज्या घराची डागडुजी उत्पन्नाऐवजी केवळ अभिमानावर चालते ते घर दोन-तीन पिढ्या तग धरते, त्याहून अधिक नाही.

तीन किडी

विसाव्या शतकात या दुखण्यास तीन किडी लागल्या. पहिली वाटणीची. एकत्र कुटुंबाचा वाडा कायद्याने सर्व सहहिस्सेदारांचा. प्रत्येक पिढीत मिळकत पत्रिकेवरची नावे वाढतात. त्यांतले एक पुण्यास, एक ठाण्यास, एक परदेशी. २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही जन्मतः बरोबरीचा वाटा मिळाला. ही सुधारणा न्याय्यच होती आणि फार उशिरा झाली. परंतु खांब बदलण्यासाठी लागणारे पैसे कोणी घालावेत, याचे उत्तर कोणत्याच वारसाकायद्यात नाही. वाड्यात राहणारा एक भाऊ म्हणतो, सर्वांची मिळकत, मी एकट्याने का खर्चावे? बाहेर राहणारे म्हणतात, राहतो तो, खर्च त्याने करावा. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते आणि तुळई मात्र खचत जाते. विक्रीसाठी मात्र सर्वांच्या सह्या मिळतात. दुरुस्तीसाठी त्या मिळत नाहीत.

दुसरी कीड गोठलेल्या भाड्याची. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा. तो ज्या शहरांना लागू होता तेथे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी जखडले गेले. फाळणी, महागाई, घरटंचाई यांच्या त्या काळात भाडेकरूस संरक्षण हवेच होते. त्या कायद्याने हजारो कारकून, शिक्षक, कामगारांची बिऱ्हाडे रस्त्यावर येण्यापासून वाचवली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण तात्पुरता उपाय पन्नास वर्षे चालला. नाशिक-पुण्याच्या वाड्यांत चहाच्या पेल्याइतक्या भाड्यात कुटुंबे राहत राहिली. मालकास दुरुस्ती परवडेना, भाडेकरू परक्याच्या घरावर पैसा घालीना. गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाबरोबर अवाजवी झाल्या असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये बजावले; १९९९ चा नवा कायदा आला आणि दरसाल ४ टक्के वाढीची मुभा मिळाली. मुळात भाडेच नगण्य असताना त्याचे ४ टक्के म्हणजे किती, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

तिसरी कीड सर्वांत बलवान : जमिनीची किंमत. गावाच्या मध्यभागी, बाजाराजवळ असलेली वाड्याची जागा मोकळी असेल तर तिला जो भाव येतो तो वाड्यासकट येत नाही. म्हणजे बाजाराच्या हिशेबात वाड्याचे मूल्य शून्य नसून शून्याहूनही कमी आहे. तो पाडण्याचा खर्च किमतीतून वजा होतो. अशा वेळी दुरुस्ती न करणे हा मालकाचा आळस नसतो, तो त्याचा हिशेब असतो. वाडा आपोआप पडला तर भाडेकरूही जातो, परवानगीची यातायातही वाचते. पावसावर खापर फोडणाऱ्या बातमीमागे पुष्कळदा हा हिशेब दडलेला असतो.

आणि येथेच सामाईक भिंतीचा प्रश्न जीवघेणा होतो. गल्लीतले वाडे एकमेकांच्या खांद्यास खांदा लावून उभे असतात. मधला एक उतरवला की दोन्ही शेजाऱ्यांची आजवर झाकलेली मातीची भिंत उघडी पडते. तिला ना गिलावा ना आधार. पहिल्याच पावसात ती पाणी पिते. ज्याने आपला वाडा नेटका ठेवला त्याच्याही घरावर शेजाऱ्याच्या निर्णयाचे संकट कोसळते. एकाच्या व्यवहाराचा खर्च दुसऱ्याच्या माथी बसतो, यास अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. हे प्रकरण मालकाच्या खाजगी हक्कापुरते मानून पालिकेने हात झटकणे म्हणूनच योग्य नव्हे.

तिकडेही पडझड झाली

वाचकांचा असा समज होऊ नये की विलायतेत सारे शहाणे आणि आपणच तेवढे करंटे. लंडनमधली अॅडम बंधूंची 'अॅडेल्फी' ही नामांकित ओळ १९३६ मध्ये पाडली गेली. डब्लिनमध्ये १९६० च्या दशकात तेथील वीज मंडळाने कचेरीसाठी एका अखंड रांगेतली सोळा घरे जमीनदोस्त केली. बाथमध्ये त्याच सुमारास साध्या लोकांच्या शेकडो जुन्या घरांवर हातोडा पडला. राजवाड्यासारखी क्रेसेंट राखली आणि मागची कारागिरांची घरे पाडली. चांदवडच्या रंगमहालाची आणि गल्लीची जी कथा, तीच ही.

फरक पडला तो या नुकसानीतून त्यांनी घेतलेल्या बोधाने. १९३७ मध्ये नागरिकांनी 'जॉर्जियन ग्रुप' ही संस्था काढली. १९४७ च्या नगररचना कायद्याने जुन्या इमारतींच्या याद्या करण्याची व्यवस्था पक्की झाली. १९६७ मध्ये आणखी एक कायदा होऊन एकेकट्या इमारतीऐवजी संपूर्ण परिसर संरक्षित करण्याची कल्पना रूढ झाली. ही तिसरी पायरी महत्त्वाची. ओळीतले एक घर सुटे जतन करता येत नाही, हे त्यांना उमगले.

आपल्याकडे १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, तो स्मारकांसाठी. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची नियमावली आहे. २०२० मध्ये राज्यातील बहुतेक शहरांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि तीतही वारसा वास्तूंविषयी तरतुदी आहेत. म्हणजे कायद्याचा दुष्काळ नाही. परंतु वारसा वास्तूंची यादीच केली नसेल तर ती तरतूद कोणास लागू करावयाची? नियमास जागा दाखवणारा कागद स्थानिक पातळीवरच तयार व्हावा लागतो.

कोणाचा वारसा?

एक आक्षेप मी माझ्या विद्यार्थ्यांकडून वारंवार ऐकतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ते विचारतात, हे वाडे आमच्या आजोबा-पणजोबांना देवडीच्या पुढे येऊ देत होते काय? माजघराच्या अंधारात जन्म काढलेल्या बायकांना या नक्षीदार खांबांचे कौतुक का वाटावे? ज्या शेतसाऱ्यातून आणि व्याजातून हे सागवान आले, ते भरणाऱ्याची झोपडी कोणी जतन केली?

हे प्रश्न खरे आहेत. इंग्लंडमधल्या घरांनाही ते चुकलेले नाहीत. ब्रिस्टल येथे जॉन पिनी याचे १७९० च्या सुमारास बांधलेले घर आज संग्रहालय आहे. पिनीचा पैसा वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांतला, म्हणजे गुलामांच्या घामातला. ते घर पाहणाऱ्यास आज ही हकीकतही सांगितली जाते. घर राखणे म्हणजे त्या घरातली व्यवस्था राखणे नव्हे. उलट, ती व्यवस्था कशी होती याचा सर्वांत बोलका पुरावा घराच्या मांडणीतच असतो : कोणासाठी दरवाजा, कोणासाठी दिंडी, कोणासाठी परसदार. पाडलेल्या वाड्याबरोबर हा पुरावाही नाहीसा होतो आणि मग भूतकाळाविषयी वाटेल ती गोड कहाणी सांगण्यास मोकळीक मिळते. शिवाय ते खांब कोरणारे सुतार, जोते घडवणारे पाथरवट, वीट भाजणारे कुंभार हे कोण होते? वाडा बांधणाऱ्यांचा वारसा वाड्यात राहणाऱ्यांच्या वारशाहून मोठा आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. लहान गावाच्या पालिकेस पाणी पुरवता येत नाही. ती वाडे काय राखणार? चांदवड तालुक्यात उन्हाळ्यात पाण्याचे हाल होतात, हे मी जाणतो. प्रत्येक वाडा सरकारी तिजोरीतून दुरुस्त करावा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रत्येक वाड्याचे संग्रहालय अथवा हॉटेल करावे असेही मी म्हणत नाही. वाडा वाचतो तो त्यात चूल पेटल्याने. प्रश्न इतकाच की, आज सारे नियम आणि सारे भाव पाडणाऱ्याच्या बाजूने झुकलेले आहेत, ते पारडे थोडे समतोल करता येईल काय?

काय करता येईल

पहिली गोष्ट यादी. गावातील पन्नास वर्षांहून जुन्या सर्व घरांची मोजमापासह नोंद करावी : खण किती, मजले किती, सामाईक भिंती कोणाशी, लाकूड कोणत्या स्थितीत. यासाठी मोठा तज्ज्ञ लागत नाही. महाविद्यालयांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी एखाद्या स्थापत्यशिक्षकाच्या देखरेखीखाली एका हिवाळी शिबिरात हे काम करू शकतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्यास मालकी, भाडे आणि उत्पन्न यांचे रकाने जोडावेत. असा अभ्यास शंभर व्याख्यानांहून अधिक शिकवील.

दुसरी, कर. जो मालक यादीतला वाडा राहता आणि दुरुस्त ठेवतो त्याच्या घरपट्टीत भरीव सूट असावी. करांचा वास्तूवर काय परिणाम होतो हे इंग्लंडकडून शिकावे. तेथे १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता आणि तो चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या खिडक्या आजही दिसतात. कराने जर खिडकी बंद होते तर करसवलतीने एखादी उघडी का राहणार नाही?

तिसरी, सामाईक भिंतीचा नियम. वाडा उतरवण्याची परवानगी देताना शेजाऱ्याच्या भिंतीस आधार, गिलावा आणि पाण्याचा निचरा करून देण्याची जबाबदारी उतरवणाऱ्यावर टाकावी, आणि त्याची अनामत आधी घ्यावी. यास पालिकेचा एक पैसाही लागत नाही.

चौथी, कर्ज आणि सहहिस्सेदारी. नवीन घरासाठी बँका आणि पतसंस्था दाराशी येतात; जुन्या लाकडी घराच्या दुरुस्तीस तारण कोणी मानीत नाही. नाशिक जिल्ह्यात सहकाराची परंपरा मोठी आहे. द्राक्षबागेस आणि कांद्याच्या चाळीस पैसा उभा करणाऱ्यांनी वाडादुरुस्तीची एक लहान योजना आखणे अशक्य नाही. हिस्सेदारांनीही सर्वांच्या सह्यांची वाट न पाहता, खर्च करणाऱ्या हिस्सेदाराचा खर्च मिळकतीवर बोजा म्हणून नोंदवण्याचा करार आपसांत करावा. जो खांब बदलतो त्याचा पैसा बुडणार नाही एवढी खात्री मिळाली तरी पुष्कळ भांडणे मिटतील.

पाचवी, कारागीर. तुळई बदलणारा, हस्त कोरणारा, चुना मळणारा माणूस दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सुतारकामात आणि गवंडीकामात या कौशल्याचा एक भाग घातला, तर रंगमहालासारख्या सरकारी कामावरच त्या मुलांचा सराव होईल आणि पुढे गल्लीतल्या घरासही हात मिळेल. राजाच्या घराच्या दुरुस्तीतून गावाच्या घरास लाभ होण्याचा हाच सरळ मार्ग आहे.

यांतले काहीही क्रांतिकारक नाही. अहिल्याबाईंची कीर्ती घाट, बारवा, धर्मशाळा, देवळे बांधण्यासाठी आहे. पण त्यांच्या कारभाराची खूण म्हणजे नेमणूक. बांधलेल्या वास्तूच्या नित्य खर्चाची तजवीज त्या करून ठेवीत. बांधणे सोपे, चालू ठेवणे कठीण, हे त्या बाईस उमगले होते. त्रिशताब्दीच्या समारंभांत त्यांच्या प्रतिमेस हार पुष्कळ पडले. त्यांचा हा धडा मात्र आपण कोठे गिरवला, याचा शोध घ्यावा लागेल.

सर्व पाच गोष्टी एका वर्षात होणार नाहीत, हे उघड आहे. परंतु पालिकेने निदान एक करावे. येत्या मृगापूर्वी जुन्या वस्तीतल्या उघड्या पडलेल्या सामाईक भिंतींची पाहणी करावी आणि प्रत्येक भिंतीखाली झोपणाऱ्या माणसांची नावे लिहून घ्यावीत. नोटीस दारावर चिकटवली की कर्तव्य संपले असे मानण्यापेक्षा या कामास दोन दिवस अधिक लागतील. त्या दोन दिवसांवर काही जणांचा जीव अवलंबून असू शकतो.